उत्तरेची गॅलरी, तीन मेलेल्या तुळशी आणि एक अर्ज

जून २०२३मध्ये आम्ही नागपूरच्या महाल भागातलं घर सोडून त्रिमूर्ती नगरातल्या फ्लॅटमध्ये आलो. सामानाच्या ट्रकमध्ये आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तुळस काही ठेवू दिली नाही. मांडीवर कुंडी घेऊन ऑटोत बसल्या आणि महाल ते त्रिमूर्ती नगर एक शब्द बोलल्या नाहीत.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातला. हॉलची गॅलरी उत्तरेला, स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, बेडरूमची पश्चिमेला. दाखवणारा म्हणाला होता, "मॅडम, गॅलरीत ऊनच येत नाही, उन्हाळ्यात मजा राहील." ज्या गावात २३ मे २०१३ला पारा ४७.९वर गेला होता, तिथल्या माणसाला हे वाक्य कसं लागतं ते बाहेरच्याला नाही कळायचं. आम्ही तिथंच हो म्हटलं. त्या गॅलरीत झाडं लावायची आहेत हे तेव्हा डोक्यातही नव्हतं.

महालात अंगण होतं. तिथं झाडं आपली आपण वाढायची. आमचं काम फक्त संध्याकाळी पाइप धरण्याचं. त्यामुळे आपल्याला बागकाम येतं असा माझा पक्का समज होता. २३ जुलैच्या रविवारी मी नर्सरीत गेले आणि जे जे डोळ्यात भरलं ते उचललं: दोन अरेका पाम, पीस लिली, सिंगोनियम, क्रोटन, जेड, स्नेक प्लांट, मनी प्लांट आणि साडेसहाशेचं एक फिडल लीफ फिग, कारण ते फोटोत सगळीकडे सोफ्याशेजारी असतं. नऊ झाडांचे ₹२,८४०. वर चिनी मातीच्या पाच देखण्या कुंड्या, ₹१,९००. त्यांना खाली भोकं नव्हती. दुकानदार म्हणाला, "घरात पाणी सांडत नाही ना मग." मला पटलं.

त्याच संध्याकाळी सगळी झाडं नव्या कुंड्यांत लावली. माती महालातल्या अंगणातून दोन पोती भरून आणली होती. काळी, कसदार. पंधरा वर्षं त्या मातीतला मोगरा पाहिलेला, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. रोज सकाळी चहाच्या आधी प्रत्येकाला एक तांब्या पाणी.

दिवाळीपर्यंत नवातली सहा गेली. सिंगोनियम ऑगस्टमध्येच. जेड खालून मऊ पडून एका रात्रीत आडवं झालं. फिडल लीफ दर दोन-तीन दिवसांनी एक पान टाकायचं, ते पान फरशीवर पडताना पुठ्ठ्यासारखा आवाज यायचा आणि मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, "गेलं अजून एक." पीस लिली माती ओली असूनही माना टाकून बसायची. मी समजायचे तहानली, आणि अजून पाणी घालायचे.

शेवटी तिची कुंडी मोरीत उलटी केली. गटारासारखा वास. माती एकसंध गोळा होऊन बाहेर आली, कुंडीच्या आकाराची, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. त्यातलं एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरचं साल माझ्या बोटांत आलं आणि आतला दोरा मातीतच राहिला. झाडाला पाणी कमी पडलं नव्हतं. त्याला श्वास घ्यायला जागा नव्हती.

आपली काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत नाही. पाणी पडलं की ती फुगते आणि हवेच्या फटी बुजतात. वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेला भेग पडते. मग घातलेलं पाणी त्या भेगेतून थेट खाली, मधला गोळा कोरडाच. त्यात खाली भोक नाही. म्हणजे वरून दुष्काळ आणि खालून पूर, एकाच कुंडीत.

तुळशीचं दुखणं वेगळं होतं. महालातली तुळस गॅलरीत ठेवली होती. पावसाळाभर ठीक होती, ऑक्टोबरात उंच, बारीक, फिकी व्हायला लागली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेली. आईंनी मंजिऱ्या खुडून वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून देव्हाऱ्याखाली ठेवल्या. २४ नोव्हेंबरला लग्न लावायचं म्हणून तीस रुपयांची दुसरी आणली. ती संक्रांतीला गेली. तिसरी फेब्रुवारीत. "काऊन मरते गं ही?" असं त्या मला विचारायच्या, आणि त्या 'काऊन'मध्ये घर बदलल्याचा सगळा हिशेब असायचा.

जानेवारी २०२४पासून मी झाडं आणणं बंद केलं आणि एक वही केली. मोबाइलवर उजेड मोजायचं फुकट ॲप घेतलं. प्रत्येक फोनचा आकडा थोडा वेगळा येतो, पण एकाच फोनवर जागांची तुलना करायला पुरतं. संक्रांतीच्या दिवशी दुपारी बाराला गॅलरीच्या कठड्याशी ६,२०० लक्स, गॅलरीच्या दारातून एक पाऊल आत १,४००, सोफ्याजवळ ३०० आणि टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात, जिथं फिडल लीफ ठेवलं होतं, ६०. टेरेसवर नेलं तर आकडा ८०,०००च्या वर गेला. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून हॉल उजळ वाटतो. झाडाला तसली सोय नाही. ॲप नको असेल तर भरदुपारी कागदावर वीतभर उंचीवर हात धरून सावली पाहावी. कडा स्पष्ट दिसल्या तर भरपूर उजेड, धूसर सावली तर मध्यम. सावलीच पडत नसेल तर तिथं झाड नको, शोपीस ठेवा.

तुळशीला रोज चारेक तास तरी थेट ऊन हवं. माझ्या वहीत ऑक्टोबर ते मार्च उत्तरेच्या गॅलरीत थेट ऊन शून्य. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, आमची गॅलरी त्याच्याकडे पाठ करून. आणि तुळशीचं लग्न नेमकं कार्तिकात. राहिली टेरेस.

शेजारच्या ताई म्हणाल्या, "अर्ज-बिर्ज कशाला, नेऊन ठेवा गुपचूप." नेऊन ठेवली. दोन दिवसांत चौकीदार कुंडी परत घेऊन दारात उभा. वरच्या मजल्यावरच्यांना छत गळण्याची भीती, आणि खरं सांगायचं तर ती भीती चुकीची नव्हती. आमची स्कीम, म्हणजे फ्लॅटची इमारत, १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची. टेरेस सगळ्यांची सामायिक. तिथं कुणी एकानं कुंडी ठेवली की उद्या दुसरा वाळवणाची खाट टाकणार.

मग ४ मार्चला रीतसर अर्ज. सेक्रेटरी काकांनी तो वाचून परत दिला. कुंडीचं माप, नेमकी जागा, फोटो आणि ओल्या मातीसकट वजन लिहा म्हणाले. वजन! सिमेंटचं छोटं वृंदावन (₹१,१००) आणून, माती भरून, पाणी घालून नवऱ्यानं आणि मी ते बाथरूममधल्या वजनकाट्यावर चढवलं: ३८ किलो. आई दारातून म्हणाल्या, "देवाचं वजन करून राहिले का रे तुम्ही?" ३१ मार्चची मीटिंग पुढे गेली, कारण काका शिक्षक, १९ एप्रिलच्या मतदानाची ड्यूटी आणि त्याची ट्रेनिंग. शेवटी २८ एप्रिलला विषय निघाला. अर्जापासून पंचावन्न दिवस.

परवानगी मिळाली, अटींसह. वृंदावन स्लॅबवर थेट न ठेवता चार इंच उंच स्टँडवर, तेही कॉलमच्या वर, पाण्याच्या टाकीपासून दूर, खाली ट्रे, गळती झाली तर दुरुस्ती आमच्या खर्चानं, एकच कुंडी, मुदत एक वर्ष. शंभरच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र, वर नोटरीचे दीडशे. साध्या कागदावरही चाललं असतं असं माझं मत, पण वाद घातला नाही. (त्याच वर्षी ऑक्टोबरात शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्प लागू झाला, तेव्हा हमीपत्र मागतील तर आधी कशावर हवं ते विचारून घ्या.) एक सुचवते: अर्जात जागेचा हातानं काढलेला नकाशा आणि गळतीची जबाबदारी आपणच आधी लिहून टाकावी. मीटिंगमधला अर्धा वेळ त्यातच जातो.

दरम्यान घरात उरलेली तीन झाडं: स्नेक प्लांट, क्रोटन, मनी प्लांट. मनी प्लांट मी 'सावलीच्या' गॅलरीत निर्धास्त ठेवला होता. मे उजाडला आणि पानांवर कागद जळल्यासारखे पांढरट-तपकिरी डाग पडले. दुपारी साडेचारला गॅलरीत जाऊन पाहते तर पश्चिमेच्या कोपऱ्यातून तिरपं ऊन थेट कुंडीवर! उत्तरेच्या गॅलरीत!

उत्तर टेरेसवर मिळालं. २६ मेला नागपुरात शून्य सावलीचा दिवस असतो. लेकीनं स्टीलचा पेला उन्हात ठेवला आणि दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास त्याची सावली पेल्याच्या बुडाखाली गेली. म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी बारालाही आपल्या उत्तरेला असतो. आणि मावळताना तर मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमेच्या थोडा उत्तरेला झुकलेला. उन्हाळ्यात आमच्या गॅलरीत चारपासून दोन तास ऊन येतं ते असं. मी खडूनं फरशीवर उन्हाची कड आखली आणि बाजूला तारीख लिहिली. त्याच आठवड्यात नागपुरात ५६ अंश झाल्याची बातमी फिरली. नंतर हवामान खात्यानं यंत्रातला बिघाड असल्याचं सांगितलं. माझ्या मनी प्लांटला पंचेचाळिशीही पुरे होती.

१४ जुलै २०२४ला पुन्हा खरेदी. मुद्दाम पाऊस सुरू झाल्यावर, कारण तेव्हा हवेत ओल असते आणि नव्या झाडाला जुळवून घ्यायला सोपं जातं. अमरावती रोडवरच्या एका नर्सरीत या वेळी वही घेऊन गेले. तिथले माळीदादा वही पाहून हसले, पण नंतर म्हणाले, "बरोबर आहे ताई. कुठं ठेवता ते सांगा, मंग झाड दाखवतो. लोक आधी झाड घेते आन् मंग जागा पाहते."

मी मागच्या वर्षीची कहाणी सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "आणल्याबरोबर कुंडी बदलली होती?" हो. "मंग काय! हा सारा माल कडियमचा." कडियम म्हणजे आंध्रात राजमहेंद्रीजवळ, गोदावरीकाठचं नर्सऱ्यांचं गाव. तिथल्या दमट हवेत, हिरव्या जाळीखाली वाढलेलं झाड ट्रकनं इथं येतं. आणि आपण त्याच दिवशी त्याची मुळं मोकळी करून काळ्या मातीत दाबतो. "पंधरा दिस तसंच राहू द्या. रुसवा गेला का मंग हात लावा."

तिथंच एका बाईंना दुसरा माणूस स्नेक प्लांट विकत होता, 'रात्री ऑक्सिजन सोडते, बेडरूमची हवा साफ' म्हणून. हे व्हॉट्सॲपवर मीही दहादा वाचलंय. ते झाड रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतं हे खरं, पण ऑक्सिजन उजेडातच तयार होतो. हवा शुद्ध करण्याची गोष्ट नासाच्या १९८९च्या अभ्यासातून पसरली. तो बंद पेट्यांमध्ये केलेला होता. २०१९मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा खिडक्या-दारांतून होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील असं निघालं. मला झाड हिरवं दिसतं म्हणून हवंय, तेवढं कारण पुरे.

घेतलं काय? झीझी (₹२८०), दोन स्पायडर प्लांट (₹१६०), एक अग्लोनिमा (₹२२०). डिफनबाखिया सुंदर होतं, पण नणंदेचं रांगतं बाळ सुट्टीला येतं आणि त्या पानांतल्या सुईसारख्या कणांनी तोंड सुजतं, म्हणून नाही घेतलं. हे कण मनी प्लांट, अग्लोनिमा आणि झीझीतही असतात, ते उंचावर ठेवले. कुंभाराकडून साध्या मातीच्या पाच कुंड्या, प्रत्येकी ₹६०. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, पाच किलोची वीट ₹२२०, गांडूळखत ₹१२०, जाडी रेती ₹५०. सगळे मिळून ₹१,३५०.

कोकोपीट भिजवून दोनदा धुतलं. दोन वाटे ते, एक रेती, एक गांडूळखत. झीझी आणि स्नेकला रेती दुप्पट. काळी माती शून्य. उरलेलं अर्धं पोतं खाली कंपाउंडमधल्या कडुनिंबाला घातलं. चिनी मातीच्या कुंड्या टाकल्या नाहीत, साध्या कुंडीला बाहेरचं आवरण म्हणून वापरते, पाणी घालताना आतली काढून मोरीत नेते. आणि पाणी कधी? जळून गेलेल्या उदबत्तीची काडी मातीत दोन पेरं खोल घालायची. ओली माती चिकटून आली तर तांब्या खाली ठेवायचा. पावसाळ्यात स्नेकला बावीस-बावीस दिवस पाणी लागलं नाही. हात शिवशिवायचा, पण नाही घातलं.

ऑगस्टमध्ये डेंग्यूच्या तपासणीला महापालिकेच्या ताई टॉर्च घेऊन आल्या. कूलरची टाकी कोरडी पाहून खूश झाल्या आणि जाता जाता अग्लोनिमाच्या ट्रेमध्ये उजेड टाकला. पाण्यात वळवळ. मी शरमेनं लाल. त्यांनी नोंद केली, ट्रे रिकामा करायला लावला, समज दिली, दंड नाही. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस. आता पाणी घातल्यावर अर्ध्या तासात ट्रे ओतते.

नोव्हेंबरात क्रोटनवर पिठ्या ढेकूण, कापसाच्या बोंडासारखे पांढरे. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसले, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्यांचा साबण, आठवड्यातून एकदा संध्याकाळी, तीनदा. गेले.

खरी परीक्षा २०२५चा उन्हाळा. होळीनंतर कूलर लागला. एप्रिलअखेर स्पायडरच्या पानांची टोकं तपकिरी, कुंडीच्या कडेला पांढरी पापुद्री. पाणी मोजून, जागा तीच, मग काय? आई शांतपणे म्हणाल्या, "मी तर टाकीतलं पाणी घालते. फुकट कशाला घालवायचं?" कूलरच्या टाकीतलं! कूलर पाणी उडवतो, क्षार तसेच मागे राहतात, आणि आपण वरून परत बोरचं पाणी भरतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं ₹२६०चं टीडीएस मीटर आणलं: नळाचं २१०, बोरचं ६४०, टाकीतलं १,९००. आईंना आकडा दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "हे तर लोणच्याचं पाणी झालं." स्पायडरच्या कुंड्या मोरीत नेऊन नळाच्या पाण्यानं चांगल्या निथळेपर्यंत तीनदा धुतल्या. नवी पानं टोकापर्यंत हिरवी आली.

एक गंमत मात्र कूलरनंच दाखवली. मेच्या दुपारी बाहेर आर्द्रता बरेचदा वीस टक्क्यांच्या खाली जाते. कूलरच्या हॉलमध्ये हवा दमट, त्यामुळे अग्लोनिमा तिथं उन्हाळ्यात नवी पानं काढत बसला. तोच आठ दिवस एसीच्या बेडरूममध्ये ठेवला तर कडा करपल्या. फक्त कूलरच्या तोंडासमोर झाड नको, वाऱ्याच्या झोतानं पानं फाटतात.

आणि तुळस. देव्हाऱ्याखालच्या पुडीतलं बी आईंनी जून २०२४मध्ये पेरलं होतं. अकरा रोपं आली. अडचण अशी की लिफ्ट तिसऱ्यापर्यंतच, टेरेसला जिना, आणि आईंचे गुडघे. टेरेसवरची तुळस जगणार, पण तिच्यापुढे रोज दिवा कोण लावणार? आता दोन तुळशी आहेत, दहा इंचाच्या हलक्या प्लास्टिकच्या कुंड्यांत. एक वर वृंदावनात बसवलेली, दुसरी स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत, जिथं सकाळचे दोन तास ऊन मिळतं. दर रविवारी अदलाबदल. मेमध्ये वर अर्धी सावली देणारी हिरवी जाळी आणि दोन वेळ पाणी, नाहीतर दुपारपर्यंत पानं कुरकुरीत. मंजिरी दिसली की खुडायची. परवानगी एकाच कुंडीची आहे आणि वर कधीही एकच कुंडी असते. काकांनी हे स्वतः तपासलंय.

२ नोव्हेंबर २०२५ला लग्न टेरेसवर लागलं. आई एक-एक पायरी थांबत, नातीचा हात धरून वर आल्या. ऊस, आवळा, बोरं, चुरमुऱ्यांचा प्रसाद. खालच्या दोन आणि समोरच्या एका फ्लॅटमधल्या बायका आल्या होत्या. अक्षता टाकून झाल्यावर तिघींनी काकांना एकदमच विचारलं, आम्हालाही एकेक कुंडी ठेवायची आहे, चालेल ना?

काकांनी बोराची बी रुमालात गुंडाळली. "अर्ज द्या," ते म्हणाले. "अन् वजन करून आणा."